काकू, लग्नपत्रिकेच्या त्या पाकिटाबद्दल

काकू, सा. न.

पेढे द्यायला आलो तेव्हा तुम्ही “बस, चहा टाकते” म्हणालात आणि बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. नौपाड्यातल्या आपल्या बिल्डिंगमधल्या बारावीच्या पोरांनीही वाचावं, म्हणून उघडंच.

गेल्या वर्षी क्लासच्या टेस्टमध्ये कायनेटिक्सने, म्हणजे रासायनिक क्रियेच्या वेगाच्या धड्याने, मला आडवं केलं. रेट कॉन्स्टंटच्या, म्हणजे वेगाच्या सूत्रातल्या स्थिरांक के च्या, युनिट्सचा तक्ता तोंडपाठ होता: झिरो, फर्स्ट, सेकंड ऑर्डर (ऑर्डर म्हणजे वेग काँसंट्रेशनच्या कितव्या घातावर चालतो ते; काँसंट्रेशन म्हणजे लिटरमागे किती मोल). पेपरात आलं अ‍ॅसिटाल्डिहाइडचं विघटन, ऑर्डर दीड! तक्त्यात दीड नव्हतंच. आणि फॉर्म्युल्यातला घातांक ‘एक वजा एन’ की ‘एन वजा एक’ (एन म्हणजे ऑर्डर), हे मला ऐन वेळी कधीच आठवत नाही.

तुम्ही फॉर्म्युला सांगितलाच नाहीत. मेथी निवडता निवडता एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहिलंत: डावीकडे वेग, म्हणजे मोल प्रति लिटर प्रति सेकंद. उजवीकडे के आणि काँसंट्रेशनचा दीडावा घात. “दोन्ही बाजू जुळायला के ने काय घेऊन यायला हवं?” मांडत गेलो आणि निघालं: लिटरचा अर्धा घात, मोलचा उणे अर्धा, प्रति सेकंद. पाकिटाला मेथीचं पान चिकटलं होतं. अजून आहे.

मग मी विचारलं, फर्स्ट ऑर्डरचा के मोठा की सेकंडचा? तुम्ही हसलात. “अरे, दोन किलो मोठे की तीन मीटर?”

झिरो ऑर्डर तुम्ही ठाणे स्टेशनवर नेऊन दाखवलीत. रांग जिन्यापर्यंत जाऊ दे, तिकीट खिडकी आपल्याच वेगाने तिकिटं देणार. तापलेल्या प्लॅटिनमवर भरपूर दाबाखाली अमोनिया फुटतो तोही असाच, कारण पृष्ठभागावर जागाच शिल्लक नसते. म्हणून तिथे के चं युनिट वेगाचंच. फर्स्ट ऑर्डरला नुसतं ‘प्रति सेकंद’, कारण रेडियमचा अणू शेजारी किती आहेत हे बघून फुटत नाही. हे पुस्तकात असेलही, मला दिसलं नव्हतं.

ओरडा मात्र एकदाच खाल्ला. के ०.०६९३ प्रति मिनिट होता आणि मी अर्धायुष्य, म्हणजे अर्धा पदार्थ संपायचा वेळ, १० सेकंद लिहिलं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीच्या लॅबमध्ये जन्म काढलेल्या तुम्ही पेन खाली ठेवलंत. “दहा सेकंदांत व्हॉल्व्ह तरी बंद होतो का रे?”

आता बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला इथाइल अ‍ॅसिटेट आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया आहे. एक भागिले काँसंट्रेशनचा वेळेशी ग्राफ काढला, सरळ रेघ आली, म्हणजे सेकंड ऑर्डर. उताराचं, म्हणजे के चं, युनिट आधी लिहिलं, आकडा नंतर. पण माझी रेघ शेवटी थोडी वाकते आहे. शनिवारी ग्राफ घेऊन येतो. पाकिटं माझ्याकडे बरीच साठली आहेत, मेथी तेवढी तुम्ही आणून ठेवा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा