'तांत्रिक कारण' म्हणजे नक्की कोणतं कारण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून एअरलाइनमधल्या करिअरवर पान येतं, त्यात कायम हसऱ्या एअरहोस्टेस नाहीतर कॉकपिटचा फोटो असतो, म्हणून हे लिहितोय. मी साताऱ्याचा, सध्या जर्मनीत मास्टर्स करतोय आणि फ्रँकफर्टला एका मोठ्या एअरलाइनच्या ऑपरेशन्स विभागात इंटर्नशिप सुरू झालीये (नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे, पण फ्रँकफर्ट म्हटल्यावर ओळखालच). घरी सगळ्यांची समजूत अशी की पोरगा आता विमानातनं फिरणार, आत्यानं तर तिकीट स्वस्तात मिळतं का हेही विचारून घेतलं.

तर पहिल्या दिवशी मला विमान दिसलं ते फक्त खिडकीतून. इथं एअरपोर्टच्या आतल्या भागात जायला सरकारी सुरक्षा तपासणी लागते, तुम्ही आधी कुठंकुठं राहिलात सगळं बघतात, भारतातनं पोलीस क्लिअरन्स मागवावं लागतं, ते सगळं होईपर्यंत कायमचं ओळखपत्र नाही. सकाळ गेली व्हिजिटर पास गळ्यात घालून आगीच्या वेळी कुठल्या जिन्यानं उतरायचं आणि डेटा बाहेर न्यायचा नाही हे ऐकण्यात. दुपारी लिफ्टमध्ये जो येतो तो 'मालत्साइट' म्हणतो, म्हणजे जेवणाच्या वेळेचा रामराम, मीही म्हणायला लागलो.

खरी मजा जेवणानंतर. माझ्या साहेबीणबाईंनी हातात एक यादी दिली आणि म्हणाल्या, ही पाठ झाली की तुला आमचं काम कळलं. ती होती डिले कोडची यादी. विमान उशिरा सुटलं की त्या उशिराला दोन आकडी कोड द्यायचा असतो, आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं ठरवलेला. सामान चढवायला उशीर झाला तर ३२, इंधनाला ३६, जेवणाच्या ट्रॉल्या आल्या नाहीत तर ३७, विमानातच बिघाड असेल तर ४१, पायलट कमी पडले तर ६४, पंखांवरचा बर्फ काढायचा असेल तर ७५. आणि सगळ्यात जास्त भेटणारा ९३, म्हणजे तेच विमान आधीच्या फेरीवरूनच उशिरा आलं. एका उशिराला दोन कारणं असली तर मिनिटं वाटून देतात, आणि मग ही मिनिटं कुणाच्या खात्यात घालायची यावर जी वादावादी होते ती थेट सोसायटीच्या मीटिंगसारखी, गळती नक्की कुणाच्या बाथरूमची! क्लीनिंगवाले म्हणतात पॅसेंजर उशिरा उतरले, गेटवाले म्हणतात क्लीनिंग उशिरा संपलं. पण कारण 'असंच' म्हणून कुणी सोडत नाही, कोड टाकल्याशिवाय फाइल बंद होत नाही. त्यात फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणांवर बंदी आहे, त्यामुळे सकाळची २० मिनिटं दिवसभर साठत गेली तर रात्रीची फ्लाइट सरळ रद्द होऊ शकते, म्हणून मिनिटामिनिटाचा हिशेब.

आणि यात पैशाचा मामला आहे. युरोपात फ्लाइट ३ तास किंवा जास्त उशिरा पोचली तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते, कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर नाही. आणि विमानातला नेहमीचा बिघाड हे काही हाताबाहेरचं कारण नाही असं युरोपियन कोर्टानं २००८ सालीच सांगून टाकलंय. म्हणजे इथं 'तांत्रिक अडचण' म्हटलं की एअरलाइन सुटत नाही, उलट अडकते.

आता आपल्याकडे बघा. आपल्याकडच्या एअरलाइनही आतमध्ये असेच कोड वापरतात, डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या दर महिन्याच्या अहवालात उशिराच्या कारणांची आकडेवारी पण येते, पण गेटवर बसलेल्या माणसाला काय मिळतं? 'ऑपरेशनल रीझन्स'. पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टवर स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि फ्लाइट ३ तास लेट, लोक काउंटरवरच्या त्या बिचाऱ्या पोरीवर ओरडतात, आणि खरं कारण असतं की तेच विमान पहाटे दिल्लीच्या धुक्यात अडकलं होतं. हे सांगितलं तर निम्मी भांडणं तिथंच मिटतील (निम्मी राहतील, पुणेकर आहेत शेवटी). आणि कारण कंपनीच्या नियोजनातलंच असेल, तर तेही कळू दे ना. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेल इतकी माणसं नव्हती हे लोकांना बातम्यांतून कळलं, एअरपोर्टवर जमिनीवर झोपल्यानंतर.

शिवाय आपल्या नियमात फ्लाइट रद्द झाली आणि आधी कळवलं नाही तर ५ ते १० हजारांपर्यंत भरपाई आहे, पण नुसत्या उशिराला रोख काही नाही, चहा-नाश्ता मिळतो, ६ तासांच्या वर गेलं तर रिफंड किंवा दुसरी फ्लाइट. म्हणून कारण लपवलं तरी कंपनीचं काही जात नाही. युरोपातले लोक फार सज्जन आहेत असं माझं बिलकूल म्हणणं नाही, भरपाई टाळायला इथंही कंपन्या पत्रांवर पत्रं लिहायला लावतात.

माझी मागणी एवढीच की उशीर झाल्याचा जो एसएमएस येतो त्यात तो कोड आणि त्याचा अर्थ मराठी-हिंदीत एका ओळीत टाकणं डीजीसीएनं सक्तीचं करावं. माहिती कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच असते, नवीन काही गोळा करायचं नाही. आणि पुढच्या वेळी पुणे किंवा नवी मुंबईच्या फ्लाइट लेट झाल्याची बातमी कराल तेव्हा आपल्या वार्ताहरानं कंपनीला एवढंच विचारावं, कोड कोणता टाकलाय?

आपला,
एक वाचक, फ्रँकफर्ट (मूळ सातारा)