वकीलताई, जुन्या वॉरंटची गाठ सोडवून दिलीत, त्याबद्दल

आदरणीय वकीलताई,

स.न.वि.वि.

कॅलिफोर्नियातल्या तुमच्या पब्लिक डिफेंडर (ऐपत नसलेल्या आरोपींना सरकारतर्फे मिळणारा वकील) कार्यालयातून तुम्ही आमच्या मित्राचं प्रकरण मार्गी लावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिलाच गुन्हा, कुणाला इजा नाही, पण कोर्टाची तारीख चुकली म्हणून न्यायाधीशांनी काढलेलं बेंच वॉरंट, म्हणजे अटकेचा हुकूम. त्यात मुक्काम आता टेक्सासात आणि खिशात पैसा बेताचा. अमेरिकेत आणखीही मराठी माणसं अशा कात्रीत सापडलेली असतील, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत.

सगळ्यात मोलाचा होता तुम्ही लावून दिलेला कामाचा क्रम. पैसे देऊन वकील शोधण्याआधी कोर्टाच्या क्लार्ककडून खटला क्रमांक आणि आजवरच्या नोंदींची प्रत मागवायची. गुन्हा मिस्डिमीनर (किरकोळ) की फेलनी (गंभीर), हे त्यातून कळतं आणि पुढचा खर्च त्यावरच ठरतो. मिस्डिमीनर असेल तर कॅलिफोर्नियाच्या पेनल कोडच्या कलम ९७७ नुसार वकील आरोपीच्या वतीने उभा राहू शकतो. मात्र दारूच्या खटल्यात न्यायाधीश काही टप्प्यांना जातीनं हजर राहायला सांगू शकतात, म्हणून त्यांचं म्हणणं कळेपर्यंत विमानाचं तिकीट काढायचं नाही.

वॉरंट जुनं झालं म्हणून आपोआप संपत नाही, हे तुम्ही ठासून सांगितलंत ते बरं झालं. मुदतीचा कायदा खटला दाखल करण्यापुरता असतो. दिरंगाईचा मुद्दा निराळा. १९९२ च्या डॉगेट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साडेआठ वर्षांच्या विलंबावरून आरोपीच्या बाजूने निकाल दिला, पण त्याला आपल्यावरच्या आरोपाची माहिती होती असं सिद्ध झालं नव्हतं आणि सरकारने त्याला नीट शोधलंही नव्हतं. तारीख ठाऊक असून जो गेला नाही, त्याला हा आधार फारसा मिळत नाही. तरीही जुने भाडेकरार, पगारपत्रकं, पत्ता बदलल्याची टपालखात्याची पावती जपून ठेवावी. माणूस उघडपणे राहत होता, लपला नव्हता, हे त्यातून दिसतं.

पैशाच्या बाबतीत तुमचा सल्ला सोन्यासारखा. पब्लिक डिफेंडर मिळण्याइतकं उत्पन्न कमी नसेल तर फक्त वॉरंट रद्द करण्याच्या अर्जापुरतं, ठरावीक फीचं वकीलपत्र द्यावं, आणि त्याआधी त्या वकिलाची सनद राज्याच्या स्टेट बारच्या (वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर तपासावी. ‘वॉरंट काढून टाकतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांना एक डॉलरही देऊ नये. ते फक्त कोर्ट रद्द करतं. अशा पहिल्या गुन्ह्याचा ३९० डॉलरचा किमान मूळ दंड अधिभार चढून कित्येक पट होतो, तेव्हा हप्ते किंवा दंडाऐवजी समाजसेवा निकालाच्या वेळीच मागावी.

वॉरंट रद्द झालं तरी डीएमव्हीची (वाहन परवाने देणाऱ्या खात्याची) अडवणूक सुटत नाही, हे बहुतेकांना नंतर कळतं. राष्ट्रीय चालक नोंदवहीत नाव असेपर्यंत दुसरं राज्य परवान्याचं नूतनीकरण नाकारू शकतं. राज्याबाहेर राहणाऱ्याला डीएमव्हीकडे दारूविषयक वर्गाची अट ‘१६५० वेव्हर’खाली माफ करून घेता येते, पण आयुष्यात एकदाच. कोर्टाने सांगितलेला वर्ग त्याने माफ होत नाही.

व्हिसावर असलेल्यांना तुम्ही दिलेला इशाराही इथे नोंदवतो. गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा व्हिसावर काय परिणाम होईल हे वकिलाला विचारावंच; कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का, हे सांगणं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पॅडिया (Padilla) निकालाने बचाव पक्षाच्या वकिलाचं कर्तव्यच ठरवलं आहे. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना निकालाची प्रमाणित प्रत सोबत हवी, आणि डॉक्टरी तपासणीला पाठवतील हे धरून दिवस ठरवावेत.

वॉरंट रद्द झाल्याच्या हुकुमाची प्रत आमच्या मित्राने गाडीत ठेवली आहे, कारण पोलिसांच्या संगणकावर नोंद बदलायला वेळ लागू शकतो, असं तुम्हीच बजावलं होतंत. तुमची कागदांची यादी आम्ही मराठीत उतरवली आहे. तुमच्या कार्यालयात येणाऱ्या मराठी माणसांना ती द्यायची असेल तर कळवा, लगेच पाठवतो.

आपले कृतज्ञ,
टेक्सासमधले काही मराठी स्नेही