हायब्रीड घेताना ॲव्हरेज नंतर, आधी यंत्रणा बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-पाडव्याच्या तोंडावर वाहनांच्या पुरवण्या निघतात आणि हायब्रीड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या) गाड्यांच्या ॲव्हरेजचा आकडा त्यात ठळक टायपात असतो. लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर वाचले की छोटी गाडी घेऊ पाहणारा सोलापूरकर लगेच विचारतो, यात हॅचबॅक कोणती? त्याचे उत्तर शोरूममध्ये चुटकीसरशी मिळते. पण ही गाडी दहा वर्षे बिनबोभाट चालेल का आणि बिघडलीच तर सोलापुरात ती कोण उघडणार, हे घेणाऱ्यालाच शोधावे लागते. त्याविषयी हे पत्र.

पहिला गोंधळ नावातच आहे. २०१९ ते २०२२ च्या सुरुवातीपर्यंत मारुतीची बलेनो आणि तिचीच जुळी बहीण टोयोटा ग्लांझा 'स्मार्ट हायब्रीड' म्हणून विकली गेली. आज सेकंडहँड बाजारात हायब्रीड हॅचबॅक म्हणून दाखवतात ती बहुतेक वेळा हीच. ही माइल्ड हायब्रीड. हिच्यात अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या) जागी बेल्टवर फिरणारी एक मोटर असते. ती सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करते आणि पिकअपला जरासा हात देते. नुसत्या विजेवर ही गाडी एक फूटही सरकत नाही. आरसीवर 'पेट्रोल/हायब्रीड' छापले आहे म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. विजेवर खरोखर चालणारी स्ट्राँग हायब्रीड आपल्याकडे होंडा सिटी, ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस अशा मोठ्या गाड्यांतच मिळत आली आहे. जपान-युरोपात हीच यंत्रणा यारिस, जॅझ या हॅचबॅकमध्ये वर्षानुवर्षे विकली जाते. उद्या ती इथल्या छोट्या गाडीत आली, तर कसोट्या त्याच लागतील.

माइल्ड हायब्रीडमध्ये जोखीम कमी आहे. विजेची मदत बंद पडली तरी गाडी साध्या पेट्रोल गाडीसारखी चालत राहते. बघायच्या जागा मोजक्या. मोटरचा बेल्ट भेगाळला आहे का आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) कुरकुरतो का, हे आधी बघावे, कारण हा बेल्ट तुटला की चार्जिंगच थांबते. मारुतीच्या या यंत्रणेत पुढच्या सीटखाली छोटी लिथियम-आयन बॅटरी असते. वॉशिंगवाल्याने आतून पाण्याचा पाइप मारला असेल, तर तिच्या कनेक्टरवर हिरवट थर दिसतो. बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेल्या ईएफबी प्रकारची हवी. हजार-दीड हजार वाचवायला कोणी साधी बॅटरी बसवली असेल, तर ती दिवसातून पन्नास वेळा इंजिन उठवून लवकर बसते. ट्रायल घेताना इंजिन तापू द्या, एसी मंद ठेवा, न्यूट्रल करून क्लच सोडा. इंजिन आपोआप थांबले पाहिजे. भर उन्हात एसी पूर्ण जोरात असताना ते थांबत नाही, तो बिघाड नव्हे.

शिवाय ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या पेट्रोल बलेनो इंधनपंपासाठी जुलै २०२० मध्ये कंपनीने परत बोलावल्या होत्या. ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या काही गाड्यांसाठी मार्च २०२४ मध्ये पुन्हा तशीच घोषणा झाली. म्हणजे नेमक्या हायब्रीड बलेनोच्या पहिल्या वर्षातल्या गाड्या. सौदा करण्याआधी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून काम झाले आहे की नाही ते बघावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आता स्ट्राँग हायब्रीड. दोन इंजिने म्हणजे दुप्पट बिघाड, असे पुष्कळांना वाटते. टोयोटाच्या पद्धतीत प्रत्यक्षात उलटे आहे. तिथे ना क्लच, ना टॉर्क कन्व्हर्टर, ना सीव्हीटीचा पट्टा; वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटरही नाही. दोन मोटर आणि एक प्लॅनेटरी गिअर, जो कायम एकमेकांत अडकलेलाच असतो. जे भाग नेहमी झिजतात तेच काढून टाकले आहेत. बॅटरीही पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, म्हणून ती मोबाइलच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत दम टाकत नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत हायब्रीड गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी निघाल्या, तर प्लगला लावून चार्ज करायच्या हायब्रीडमध्ये १४६ टक्के जास्त. तिकडचे रस्ते आणि मॉडेल वेगळे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इकडे लावू नये. पण 'हायब्रीड' या एका शब्दाखाली किती वेगळ्या वस्तू येतात, ते त्यातून दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका हॅचबॅकचेच आहे. होंडाने सप्टेंबर २०१३ मध्ये जपानात नवी फिट हायब्रीड आणली; फिट म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेलेली गाडी. तिच्यात सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि त्यातच मोटर अशी नवी कोरी जोडणी होती. साधारण वर्षभरात ती पाच वेळा परत बोलवावी लागली आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पगारात कपात करून घेतली. पुढच्या पिढीत होंडाने ती जोडणीच सोडली आणि दोन मोटरची पद्धत आणली. नाव तेच, कंपनी तीच, टिकाऊपणा मात्र यंत्रणेवर ठरला. म्हणून सेल्समनला विचारायचा पहिला प्रश्न असा: ही यंत्रणा याआधी कोणत्या गाडीत, किती वर्षे चालली आहे? उत्तर 'एकदम नवीन टेक्नॉलॉजी आहे साहेब' असे आले, तर पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नका. टोयोटाही याला अपवाद नाही. प्रियसच्या तिसऱ्या पिढीत इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या भागातले) ट्रान्झिस्टर तापत असल्यामुळे २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी बोलावल्या गेल्या.

सोलापूरची खरी परीक्षा उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीचे रसायन उष्णतेने म्हातारे होते. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना ते म्हातारपण जवळपास दुप्पट वेगाने येते. बऱ्याच हायब्रीडमध्ये बॅटरी केबिनमधलीच हवा ओढून थंड होते आणि ती हवा मागच्या सीटजवळच्या एका जाळीतून आत जाते. आपल्याकडे मागच्या सीटवर चादर अंथरायची सवय. चादर, टॉवेल, जाड सीटकव्हर किंवा तुळजापूरहून येतानाच्या पिशव्या त्या जाळीवर आल्या की पंख्याला हवाच मिळत नाही. मग पंखा जोरात घोंघावू लागतो, यंत्रणा बॅटरीची ताकद कमी करते, इंजिन जास्त चालते, आणि मालक म्हणतो, ॲव्हरेज पडला. विजापूर रोड-होटगी रोडच्या धुळीत या जाळीमागचा फिल्टर दर सर्व्हिसिंगला काढून साफ करायला सांगावे. जॉबकार्डवर लिहून घ्यावे, तोंडी सांगितलेले राहून जाते. गाडी घेतानाच ही जाळी नेमकी कुठे आहे ते दाखवायला लावावे. ज्याला दाखवता येत नाही, त्याने हायब्रीड फारशी विकलेली नाही असे समजावे.

पैशांचा हिशेबही टिकाऊपणाशी बांधलेला आहे. साधी गाडी लिटरला १६ आणि हायब्रीड २३ देते, पेट्रोल १०५ रुपये, आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक, असे धरू. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे २०,००० रुपये वाचतात, म्हणजे फरक भरून निघायला १५ वर्षे. वर्षाला २५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ५०,००० वाचतात, सहा वर्षांत वसूल. आता हायब्रीड बॅटरीची हमी बघा. टोयोटा, मारुती, होंडा तिघांकडे ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. कमी चालवणाऱ्याची हमी आठव्या वर्षी संपते आणि पुढची सात वर्षे तो स्वतःच्या जिवावर. जास्त चालवणाऱ्याची किलोमीटरने साडेसहा वर्षांच्या आतच संपते, पण तोपर्यंत पैसे फिटलेले असतात. नवी पेठ ते सात रस्ता एवढीच रोजची धाव असणाऱ्याने केवळ बचतीसाठी हायब्रीडच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा छोट्या धावांचा आणखी एक तोटा. इंजिन मधूनमधून चालू-बंद होते, पुरते तापत नाही, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो. किलोमीटर कमी झाले तरी ऑइल वर्षाला बदलायचेच. गाडी दोन-तीन आठवडे एकाच जागी उभी राहिली तर छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही डॅशबोर्डवर 'रेडी' (गाडी निघायला तयार असल्याची खूण) येत नाही. हायब्रीड 'बंद पडली' म्हणून टोइंगवर येते, तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'मध्ये ठेवली की पुरे. मोटरच गाडी मंद करून वीज बनवते, त्या विजेच्या ब्रेकिंगमुळे ब्रेकचे पॅड खूप टिकतात, पण वापराविना कॅलिपरच्या पिना जाम होतात. पॅड नवे दिसतात म्हणून त्या तशाच सोडू नयेत, वर्षातून एकदा काढून ग्रीस कराव्यात.

उंदीर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. जाड नारिंगी केबल ही मोठ्या दाबाच्या विजेची (हाय व्होल्टेज). ती कुरतडली गेली तर पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदलतात आणि वॉरंटीत ते बसत नाही. विम्यात बसते का, ते पॉलिसी घेण्याआधी विचारावे. बाहेरून सीएनजी किट, ज्यादा हॉर्न, वायर टोचून बसवलेले दिवे यातले काहीही हायब्रीडला नको.

शोरूमपेक्षा वर्कशॉप आधी बघावे. तिथे चार प्रश्न विचारावेत. मोठ्या दाबाच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेला माणूस सोलापुरातच आहे की गाडी २५० किलोमीटरवर पुण्याला पाठवणार? १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे आहेत का आणि ते शेवटचे कधी तपासले? सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढल्यावर किती वेळ थांबता? (इन्व्हर्टरमधली साठलेली वीज उतरायला साधारण दहा मिनिटे द्यावी लागतात, 'लगेच उघडतो' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.) आणि इन्व्हर्टरचा कूलंट पंप मागवला तर किती दिवसांत येतो? इन्व्हर्टरला इंजिनपासून वेगळा कूलंट आणि वेगळा विजेचा पंप असतो. हा छोटा पंप गेला आणि गाडी तशीच रेटली, तर त्याच्या कितीतरी पट महागडा इन्व्हर्टर जातो.

सेकंडहँड स्ट्राँग हायब्रीड घेताना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावल्याशिवाय बयाणा देऊ नये. पी०ए८० हा कोड म्हणजे बॅटरी पॅक बदलायची सूचना. विक्रेत्याने तो आदल्या दिवशी पुसलेला असू शकतो, म्हणून वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावे. चालवताना चार्जचा काटा काही मिनिटांत भरलेला-रिकामा असा उड्या मारत असेल, तर पॅकमधला एखादा मॉड्यूल (पॅक ज्या छोट्या बॅटऱ्यांचा बनतो त्यातली एक) कमजोर आहे. 'एकच मॉड्यूल बदलून देतो' ही मलमपट्टी ठरते, कारण बाकीचे त्याच वयाचे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरानंतर पाण्यातून निघालेल्या गाड्यांबाबत तर जास्तच सावध राहावे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का बघावी, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघावा, डिकीचा गालिचा उचलून वास घ्यावा. बॅटरी तिथेच जवळ असते. पाणी लागलेली हायब्रीड कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

ट्रायल शक्यतो मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, एसी लावून, आसरा चौकाच्या गर्दीतून घ्यावी. मागच्या सीटवर घरचे कोणीतरी बसवावे आणि पंख्याचा आवाज केव्हा वाढतो त्याकडे कान ठेवायला सांगावे.

आपला,
वाहन-दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक,
सोलापूर