माणसांची आवड आणि नोंदींची शिस्त

कोल्हापूर

चि. सोनूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मनुष्यबळ व्यवस्थापनात एम.बी.ए. करायचे ठरवल्याचे तू रविवारी फोनवर सांगितलेस आणि माझे मत विचारलेस, तेव्हा मी "लिहून कळवतो" एवढेच म्हणालो. त्यात नाराजी नव्हती. शिरोलीच्या फाउंड्रीत टाइम ऑफिसला २९ वर्षे हजेरी, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचे अर्ज हाताळण्यात गेली, त्यामुळे या विषयावर फोनवर दोन वाक्यांत बोलणे मला जमले नसते.

तुला माणसांशी बोलायला आवडते म्हणून तू हे क्षेत्र निवडते आहेस. ही आवड तुझ्यात लहानपणापासून आहे आणि ती तुला उपयोगीही पडेल. परंतु केवळ तिच्या भरवशावर जाऊ नकोस. कामगाराची जन्मतारीख, आधारवरचे नाव, रुजू झाल्याचा दिवस, वारसाची नोंद या रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी ज्याला मनापासून महत्त्वाच्या वाटतात, त्यानेच हे काम करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे मी घरी आजवर कधी बोललो नाही.

आमच्या फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे, एक कामगार अविवाहित असताना लागला होता. भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशन अर्जावर, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे ते लिहून देण्याच्या कागदावर, त्याने आईचे नाव घातले होते. लग्न झाले की तो जुना अर्ज नियमानुसार रद्द ठरतो आणि नवा भरावा लागतो. त्याच्या लग्नाचे पेढे मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून घेतले, पण नवा अर्ज भरून घेणे माझ्या लक्षात आले नाही. बारा वर्षांनी रात्रपाळीहून घरी जाताना हातकणंगल्याजवळ अपघातात तो गेला. त्याची आई आधीच वारली होती. त्याची पत्नी एका कापडी पिशवीत लग्नपत्रिका, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले असे सगळे घेऊन गेटवर यायची. वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि सह्या यांत आठ महिने गेले. निधी, विम्याची रक्कम आणि पेन्शन शेवटी तिला मिळाले, पण त्या आठ महिन्यांत तिने मंगळसूत्र गहाण ठेवले होते, हे मला नंतर कळले. एक पानी अर्ज वेळेवर भरून घेतला असता तर हे टळले असते. चूक माझी होती आणि ती मी तिला सांगितली नाही, याची बोच अजून आहे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी जून महिन्यात प्रत्येक कामगाराला बोलावून त्याची नोंद त्याच्यासमोर वाचून दाखवत असे.

आता कायदेही बदलले आहेत. २९ केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागते. मूळ वेतन कमी दाखवून भत्ते फुगवण्याच्या जुन्या पद्धतीलाही आळा बसला आहे, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाची सेवा पुरते. हे सगळे पाठ करण्यापेक्षा एक पगारपत्रक समोर घेऊन बस आणि भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कशावर कापले आहेत, ते स्वतः आकडेमोड करून पाहा. सध्या तू भरतीच्या कंपनीत मुलाखती ठरवतेस, ते या कामाचे केवळ दार आहे. माणूस आत आल्यावर पुढची वीस वर्षे त्याचे काय होते, तिथे खरे काम आहे.

सर्वांत अवघड भागाबद्दलही लिहितो. तुझा पगार व्यवस्थापन देईल आणि गाऱ्हाणे घेऊन कामगार तुझ्या टेबलापाशी येईल. दिवाळीच्या तोंडावर बोनसची बोलणी सुरू झाली की वेतनाच्या किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के यांच्या मधल्या जागेत दोन्हीकडचा ताण तुझ्यावर येईल. अशा वेळी कोणालाही खोटा दिलासा देऊ नकोस. "साहेबांशी बोलतो" असे म्हणून न बोलणारा अधिकारी मी पाहिला आहे. पुढे तो खरे बोलत असतानाही युनियनने त्याचे ऐकले नाही. आणि एखादी स्त्री कामगार छळाची तक्रार घेऊन आली, तर ती आपसांत मिटवू नकोस. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, आणि तक्रार लेखी घेऊन त्या समितीपुढे ठेवणे हे तुझे कर्तव्य राहील.

आपल्या गावाचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच हुकमात प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे तिमाही पत्रक पाठवावे असेही होते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. महाराजांनी हे काम अधिकाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडले नाही, त्याची नोंद मागितली. भरतीच्या कामाकडे पाहण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

कॉलेजबद्दल तुझ्या आईचा आग्रह पुण्याचा आहे. माझ्या मते सीईटीत गुण चांगले मिळाले तर कुठेही जा, पण विद्यापीठ रस्त्यावरच्या आपल्या सायबर या संस्थेचाही विचार कर. तिथे व्यवस्थापनाबरोबर समाजकार्याचेही शिक्षण आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील कारखाने जवळ असल्याने प्रकल्पासाठी प्रत्यक्ष कामगारांत जाता येईल. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आणि पेरणीला हजेरी का घसरते, बिहार-ओडिशाहून आलेला कामगार ठेकेदाराकडून किती उचल घेतो, हे गेटवर उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

सीईटीच्या अर्जाचे पैसे उद्या पाठवतो. गणपतीला येशील तेव्हा एक दिवस जास्त काढ. जुन्या कारखान्यातल्या माझ्या जागेवर आता जो मुलगा आहे, त्याच्याशी मी बोललो आहे. पहिल्या पाळीच्या आधी आपण दोघे गेटवर जाऊ. आणि माझ्या कपाटात खालच्या खणात त्या जून महिन्यांच्या वह्या आहेत, त्या तू घेऊन जा.

तुझा,
बाबा