दहाव्या वर्षीच्या टीडीबरोबर एक वाक्य

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या लसीने बहुतांशी टळतो. भारतात ही लस २००८ पासून आहे, आणि २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’लाही परवानगी मिळाली. तरी दरवर्षी देशात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा आजार होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात. लस मोफत असो की विकतची, आई शेवटी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारते, “देऊ का हिला?” त्यावर “तुम्हाला वाटलं तर द्या” असं उत्तर आलं की विषय तिथेच संपतो. हे उत्तर बदलावं म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

डॉक्टर कचरतात त्याला कारणं आहेत. २०१० मध्ये खम्मम (आता तेलंगणात) आणि वडोदरा इथला ही लस देण्याचा प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पालकांची संमती घेण्यात मात्र गंभीर चुका झाल्या होत्या, वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. मथळे लक्षात राहिले, निष्कर्ष राहिला नाही. त्याच वादामुळे देशातल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातलं लसीकरणही मध्येच थांबलं. त्यात आपल्या बार्शीचं कर्करोग रुग्णालयही होतं. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. पुढे सरासरी नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की विषाणूच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं, म्हणजे दोन-तीन डोसांइतकंच. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रातल्या मुलींच्या सहभागातून उभा राहिलेला हा पुरावा महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांपर्यंत नीट पोचू नये, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

दुसरं कारण डोसांच्या गोंधळाचं. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ९ ते २० वर्षांसाठी एक किंवा दोन डोस पुरेसे मानते. खासगी दवाखान्यात ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन, पंधरापासून पुढे तीन (०, २, ६ महिने) असं वेळापत्रक चालतं. एचआयव्ही असलेल्या मुलीला किमान दोन, शक्यतो तीन डोस लागतात. आशाताईंनी एक सांगितला आणि डॉक्टरांनी तीन, तर आईला वाटतं की कुणीतरी फसवतंय.

तिसरं कारण संकोचाचं. “लग्नाआधी कशाला?” या प्रश्नापाशी डॉक्टर अडतात. उत्तर सोपं आहे: लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती आधीच द्यायची; शिवाय लहान वयात शरीर जास्त प्रतिपिंडं तयार करतं. लसीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या वरच्या प्रथिनाचं कवच असतं.

दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) देतात, तीच खरी संधी. त्या वेळी “हवी का?” असं न विचारता डॉक्टरांनी म्हणावं, “आज धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि दुसऱ्या दंडात कर्करोगाची लस. काही शंका आहे का?” दोन्ही एकाच दिवशी चालतात. लस आधी ठरलेली आणि शंकेला जागा मोकळी, असं बोललं की पालक सहसा तयार होतात. संमती मात्र पालकांचीच, लेखी.

चुका होतात त्या अशा. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकलेली कुपी गोठते. गोठलेली लस वितळली तरी निकामीच, ती टाकून द्यायची. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. ०.५ मिलि दंडाच्या स्नायूत टोचल्यावर मुलीला लगेच उभं केलं तर ती कधी कधी भोवळ येऊन पडते आणि गावभर “लसीने पडली” अशी बातमी होते. १५ मिनिटं बसवून ठेवलं की हा प्रसंग बहुधा टळतो. गर्भवतीला लस पुढे ढकलायची. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे “आता तपासणी नको” असं सांगणं. तिशीनंतरची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी लस घेतलेलीलाही लागते, आईला तर लागतेच.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. सरकारी, खासगी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी अशा सगळ्या डॉक्टरांसाठी मराठीतलं एकच पान काढावं: वय, डोस, अंतर, कुणाला थांबवायचं, पालकांना काय सांगायचं. गावात पहिला सल्ला बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरच देतात, त्यांना प्रशिक्षणातून वगळू नये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी-नूतनीकरणासाठी लागणाऱ्या गुणांत या विषयाचं एक सत्र धरावं. टीडीच्या नोंदीशेजारी एचपीव्हीचा रकाना छापावा आणि त्यात ‘दिली’बरोबर ‘सुचवली’ हेही लिहायला जागा ठेवावी. लस कुठे अडते, पुरवठ्यात की बोलण्यात, हे त्या रकान्यावरून तालुकावार कळेल.

पानाचा मसुदा आम्ही तयार करून देऊ. त्यासाठी आपल्या विभागातल्या एका अधिकाऱ्याचं नाव कळवावं, ही विनंती.

आपले,
स्त्रीरोग, बालरोग व जनआरोग्य क्षेत्रात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका