‘सून’ संस्कृतातून युरोपात गेली नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत संस्कृत आणि युरोपातल्या भाषांमधल्या सारख्या शब्दांचा तक्ता आला होता, पितृ-फादर, भ्रातृ-ब्रदर वगैरे. तक्ता छानच आहे पण वर हेडिंग दिलंय ‘संस्कृतातून इंग्रजीत गेलेले शब्द’, ते चूक आहे, आणि एकदा पेपरात छापून आलं की लोक तेच धरून बसतात म्हणून लिहितोय.

तक्त्यात नसलेला एक शब्द घ्या, आपली सून. संस्कृतात स्नुषा, प्राकृतात सुण्हा, मग मराठीत सून. जुन्या इंग्रजीत सुनेला स्नोरु म्हणायचे, जुन्या जर्मनमध्ये स्नुर, आणि असल्या शब्दांवरून अभ्यासकांनी मूळ जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या कुळाचा) शब्द काढलाय *स्नुझो (झ ‘झेब्रा’तला). आधीची चांदणी म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तुलना करून बसवलाय.

ज्यांनी शाळेत ‘माला’ चालवलीय त्यांना त्याची रूपं ओळखीची वाटतील. प्रथमा *स्नुझो, द्वितीयेत शेवटचा ओ नाकातून (आपल्याकडे स्नुषाम्), आणि अनेकवचनात शेवटी झ्, जिथे आपण स्नुषाः असा विसर्ग देतो. पण ग्रीकमध्ये हाच शब्द आहे न्युओस, आणि तो स्त्रीलिंगी असूनही ‘देव’च्या वळणाने चालतो! लॅटिनमध्ये नुरुस, तिथेही शेवटी आ नाही. त्यामुळे या सगळ्यांचा मूळ शब्द *स्नुसोस असा होता आणि संस्कृत, जर्मॅनिक, स्लाव्हिक (रशियन वगैरे) यांनी तो पुढे बाकीच्या स्त्रीलिंगी शब्दांच्या ओळीत नेला असं बरेच अभ्यासक मानतात. मग स्नुषा सगळ्यांचं मूळ कसं होईल? तसं असतं तर ग्रीकांनी तो ‘ओस’ आणला कुठून?

आणि स चा झ का झाला, ते तर फारच सुंदर आहे. डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरने १८७५ साली नियम मांडला की लगेच आधीच्या स्वरावर आघात नसेल तर जर्मॅनिकमध्ये शब्दाच्या आतल्या स चा झ होतो, पुढे इंग्रजी-जर्मनमध्ये त्याच झ चा र झाला, म्हणून स्नोरु. हा जुना आघात कुठे होता ते त्याला कळलं मुख्यतः वैदिक उदात्तावरून (वेदात उंच आवाजात म्हणायचं अक्षर). अथर्ववेदात स्नुषाचा उदात्त शेवटच्या आ वर आहे, ग्रीक न्युओसचा आघात शेवटी, रशियन स्नोखाचाही शेवटी, म्हणजे स च्या आधीच्या स्वरावर आघात नव्हता. पाठांतर करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उदात्त हलू दिला नाही म्हणून युरोपातल्या भाषांचं हे कोडं सुटलं, अभिमान बाळगायचा तर याचा बाळगा ना, खोट्या हेडिंगचा कशाला?

इंग्रजीतून स्नोरु कधीच गेला, डॉटर-इन-लॉ आला. ल्यूथरच्या जर्मन बायबलात श्नुर आहे पण आता रोजच्या बोलण्यात श्वीगरटोख्टर म्हणतात.

तर विनंती एवढीच की तक्ता परत छापा, हेडिंग ‘एकाच मुळाचे शब्द’ असं करा, सून त्यात घाला आणि जिथे शब्द तुलनेने काढलेला असेल तिथे चांदणी द्यायला विसरू नका.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा