आधी घरं, मग जोडी

लेस्टर, ८ फेब्रुवारी

चि. ईशास अनेक आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

पाळीव उंदरांचं वेत घ्यायचं म्हणतेस, पण आधी घरं मोज. एका वेताला ८ ते १२ पिल्लं होतात, कधी १४ सुद्धा. उंदीर एकटा राहिला की खंगतो, म्हणून पिल्लं द्यायची ती जोडीनंच. तुमच्या इंदूरच्या रामबागेतल्या निदान चार-पाच घरांनी पक्का होकार दिल्याशिवाय नर-मादी एकत्र आणू नकोस.

निवडताना रंग सगळ्यात शेवटी बघ. सतत शिंकणारा, घरघरणारा किंवा चावरा उंदीर वेताला नको. मायकोप्लाझ्मा हा छातीच्या आजाराचा जंतू आईकडून पिल्लांना लागतो आणि स्वभावही उतरतो. डोळ्यांभोवती लाल कण दिसले तर ते रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचं डोळ्यांतून पाझरणारं लाल द्रव्य असतं. पण ती आजाराची किंवा ताणाची खूण आहे, तेव्हा थांब. कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या काही वाणांत आतड्याचा जन्मदोष असतो, दूध सुटायच्या सुमारास पिल्लांची पोटं फुगतात आणि ती दगावतात. इकडे इंग्लंडात १९७६ पासून नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी ही उंदीर पाळणाऱ्यांची संस्था आहे, वंशावळीची वही ठेवणारे भेटतात. तिथे दुकानातल्या जोडीचे आईबाप कोण, हेच कळत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण हीच.

पहिल्या वेताला मादी ४ ते ८ महिन्यांची असावी. ती दर ४-५ दिवसांनी माजावर येते, त्यामुळे १० दिवस एकत्र ठेवलं की पुरे. २१ ते २३ दिवसांत विते. त्याआधी नर बाजूला काढच, कारण व्याल्यावर २४ तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते.

पिंजऱ्याच्या सळ्यांतून पिल्लं निसटतात, म्हणून खोल प्लास्टिकचा टब घे आणि वर जाळी बसव. खाली कागदाच्या पट्ट्या घाल. सुताराकडचा चिडाचा (पाइनचा) भुसा नको, त्याच्या उग्र वासानं छाती बिघडते. ओला कागद रोज काढ, मुताचा अमोनिया साचला की घरघर वाढते. दूध पाजणाऱ्या आईला नेहमीच्या दाण्याबरोबर उकडलेलं अंडं दे. आणि इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये वेत नकोच. उंदरांना घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीवाटे जाते, आणि ४० अंशांत तेवढ्यानं भागत नाही.

पिल्लू जन्मतः जेमतेम ५-६ ग्रॅमचं, गुलाबी, उघडं. दुसऱ्या दिवशी आई खायला उठली की हात धुऊन एकेक उचल. पातळ कातडीतून पोटातला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो; तो दिसला की पिल्लू पितंय, काळजी नाही. नवव्या-दहाव्या दिवशी, केस दाट होण्याआधी, माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन ओळी उमटतात. नर-मादी तेव्हाच वहीत टिपून ठेव. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, आणि मग सुरू होतात त्या उड्या! रोज दहा मिनिटं हाताळलेली पिल्लं हात आत गेला की पळत नाहीत, बाहीतून खांद्यावर चढतात. सगळ्या खटाटोपाचं फळ ते.

पाच आठवडे भरले की त्याच दिवशी नर वेगळे कर, एका दिवसाचीही ढिलाई नको. त्या वयात बहिणी गाभण राहू शकतात. दुसरा पिंजरा आत्ताच घेऊन ठेव, आणि उंदीर तपासणारा पशुवैद्य कुठे आहे ते दादाला विचारून घ्यायला सांग.

तुझी,
आत्या